प्रतिकारशक्ती वाढवून काय होणार?

करोनाच्या दोन वर्षांत मराठी घरांत एक समजूत घट्ट रुजली. प्रतिकारशक्ती ही शरीरातली एक साठवण आहे, ती घटली की माणूस आजारी पडतो आणि वाढवली की वाचतो, अशी ती समजूत. काढे, गोळ्या, चूर्णे, हळदीचे तयार दूध यांच्या वेष्टनांवर ‘इम्युनिटी बूस्टर’ हे शब्द झळकले आणि साथ ओसरल्यावरही उतरले नाहीत. आजही थकवा आला, सर्दी लांबली, मूल वारंवार तापाने फणफणले की घरातले वडीलधारे, आणि कधीकधी डॉक्टरही, एकच कारण सांगतात: प्रतिकारशक्ती कमी झाली आहे, ती वाढवायला हवी.

हे उत्तर उथळ आहे आणि अनेकदा घातकही. परक्याला ओळखणे, ती ओळख जपून ठेवणे, वेळेवर चालून जाणे आणि काम झाल्यावर थांबणे, अशी प्रतिकारव्यवस्थेची चार वेगवेगळी कामे आहेत. यांतले कोणते बिघडले हे सांगता आले, तरच या व्यवस्थेचा निदानाला आणि उपचाराला उपयोग होतो. गेल्या सव्वाशे वर्षांत रोगप्रतिकारशास्त्राने जे मिळवले ते या नेमकेपणातून मिळवले. जिथे ‘जास्त तेवढे चांगले’ असे धरून चालले गेले, तिथे रुग्णांनी त्याची किंमत मोजली. हा दावा पायरीपायरीने तपासून पाहता येतो.

१. जंतू एक, रोगाची टोके दोन

सुरुवात कुष्ठरोगापासून करायला हवी, कारण साठवणीची कल्पना किती तोकडी आहे हे हा एकटा रोग दाखवून देतो. जंतू एकच, मायकोबॅक्टेरियम लेप्री. तरी एका रुग्णाच्या अंगावर एखाददुसरा बधिर चट्टा असतो आणि त्वचेच्या नमुन्यात जंतू शोधूनही सापडत नाहीत. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आणि कानांच्या पाळ्यांवर गाठी येतात, नमुन्यात जंतूंचे पुंजके दिसतात. १९६६ साली रिडले आणि जॉपलिंग यांनी या दोन टोकांमधल्या पायऱ्यांची मांडणी केली. रुग्ण कोणत्या पायरीवर आहे हे त्याच्या शरीराच्या प्रतिसादावर ठरते; जंतू सगळीकडे तोच असतो.

गाठी आलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी आहे असे म्हणावे, तर त्याच्या रक्तात जंतूविरोधी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) भरपूर असतात. त्यांचा उपयोग होत नाही, कारण हा जंतू पेशींच्या आत राहतो आणि प्रतिपिंडे पेशींच्या बाहेर फिरतात. तिथे टी-पेशींचे काम असते, आणि नेमक्या त्याच गप्प बसलेल्या असतात.

पुढचा भाग तर साठवणीच्या कल्पनेच्या थेट उलट जातो. औषधे सुरू झाल्यावर काही रुग्णांच्या टी-पेशी जाग्या होतात. चट्टे लाल होऊन सुजतात, नसा ठणकू लागतात आणि दिरंगाई झाली तर हाताची बोटे वाकडी होतात, पाऊल लुळे पडते. डॉक्टर याला ‘रिव्हर्सल रिअॅक्शन’ म्हणतात. जंतू मरत असतानाच अपंगत्व येते, आणि ते येते वाढलेल्या प्रतिकारामुळे. त्यावरचा उपचार म्हणजे जंतूंची औषधे न थांबवता प्रेडनिसोलोन देऊन तोच प्रतिकार आवरणे. कुष्ठरोगातल्या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिक्रियेवर थॅलिडोमाइड चालते हे जेकब शेस्किन यांना १९६४ साली जेरुसलेममध्ये दिसले. जन्मजात व्यंगांमुळे तीनच वर्षांपूर्वी बदनाम होऊन बाजारातून गेलेले हे औषध होते. ते दाह पेटवणारा ‘टीएनएफ’ हा रेणू कमी करते, हे पुष्कळ नंतर कळले. (गर्भवतीला ते आजही वर्ज्यच आहे.)

अशा रुग्णाला शेजारपाजारच्यांनी प्रतिकारशक्ती वाढवण्याचा सल्ला द्यावा आणि त्याने नस ठणकत असताना आठवडाभर त्यातच घालवावा, ही कल्पनासुद्धा अस्वस्थ करणारी आहे.

२. शरीराची आठवणही घात करते

पहिल्या गाठीची ओळख लक्षात ठेवून दुसऱ्या वेळी शत्रूला झटपट हरवणे, हा प्रतिकारव्यवस्थेचा सर्वात गाजलेला गुण. सगळ्या लसी त्याच्यावर उभ्या आहेत. पण आठवण अर्धवट असेल तर?

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घ संरक्षण मिळते. दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आला की जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. उलट त्याला पेशींच्या आत शिरायला मदत करतात. त्यामुळे गंभीर डेंग्यूचा धोका दुसऱ्या लागणीत वाढतो. स्कॉट हालस्टेड यांनी हा विचार मांडला तेव्हा त्यावर बराच वाद झाला.

त्याची कसोटी पुढे फिलिपाइन्समध्ये लागली. २०१६ साली तिथल्या शाळांमधून डेंग्व्हॅक्सिया ही लस द्यायला सुरुवात झाली आणि आठ लाखांहून अधिक मुलांना ती मिळाली. २०१७ च्या अखेरीस उत्पादक कंपनीनेच जाहीर केले की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झाला नव्हता अशा मुलांत लसीनंतर गंभीर डेंग्यूचा धोका वाढतो. लस त्यांच्या शरीराला पहिल्या लागणीसारखी भासली होती. ज्यांना आधी डेंग्यू होऊन गेला होता त्यांना तीच लस उपयोगी पडत होती. मोहीम थांबली, आणि त्या देशात इतर लसींवरचा विश्वासही ढासळला. प्रतिपिंडे वाढली की नाहीत एवढेच पाहून भागत नाही; ती कोणत्या प्रकाराला ओळखतात आणि त्याला निकामी करतात की नाही, हे पाहावे लागते.

३. नुसता जोर वाढवून पाहिला तेव्हा

प्रतिकारव्यवस्थेला शब्दशः ‘बूस्ट’ करण्याचा एक प्रयोग झालेला आहे. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा निरोगी स्वयंसेवकांना टीजीएन१४१२ नावाचे प्रतिपिंड टोचले गेले. टी-पेशींना एरवी चेतवण्यासाठी दोन वेगवेगळे संकेत लागतात. हे प्रतिपिंड त्यांतल्या पहिल्या संकेताविनाच त्यांना जागे करत असे. प्राण्यांवरच्या चाचण्यांत काही वावगे दिसले नव्हते. माणसांत मात्र साधारण दीड तासात डोकेदुखी, थंडी, ताप सुरू झाला, रक्तदाब कोसळला आणि सहाही जणांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. रक्तात दाहक रेणूंचा पूर आला होता. सगळे वाचले, एकाची पायाची बोटे आणि हाताच्या बोटांची टोके गेली. त्यांच्या शरीरात एकही जंतू नव्हता.

करोनाने तीच गोष्ट जगभर दाखवली. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष आले. डेक्सामिथासोन या स्वस्त, जुन्या, प्रतिकार दाबणाऱ्या स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांतले सुमारे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना लाभ झाला नाही. झाला असेल तर अपायच. पहिल्या दिवसांत विषाणूशी लढणारा प्रतिकार हवा असतो, नंतर तोच फुप्फुसांवर उलटतो. पुढच्या वर्षी महाराष्ट्रात डोळ्यांवर घाला घालणाऱ्या म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराचे रुग्ण भराभर वाढले, त्यामागे अनियंत्रित मधुमेहाबरोबर गरज नसताना, लवकर आणि जास्त दिवस दिलेली स्टिरॉइडे हेही एक कारण होते. जीव वाचवणारे औषध आणि डोळा घालवणारे औषध एकच. फरक कोणाला, कधी आणि किती दिवस दिले याचा.

थांबवणाऱ्या पेशी

शरीर स्वतःवर हल्ला का करत नाही, हा प्रश्न पाउल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर विचारला होता. त्याच्या उत्तराचा मोठा भाग शिमोन साकागुची यांनी १९९५ साली दिला: इतर टी-पेशींना आवरणाऱ्या नियामक टी-पेशी असतात. मेरी ब्रुंकोव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी या पेशींमागचे ‘फॉक्सपी३’ जनुक शोधले. ते बिघडले तर अगदी तान्ह्या मुलांत आतडी, त्वचा आणि स्वादुपिंडावर एकाच वेळी हल्ला होतो. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. निरोगी माणसाच्या शरीरात स्वतःवर उलटू शकतील अशा पेशी कायम असतात आणि त्यांना सतत आवरावे लागते, हे आता वादातीत आहे. मग ‘सगळी प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणताना नेमके कोणाला वाढवायचे?

या प्रश्नाला मुंबईचाही एक संदर्भ आहे. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात इथल्या यकृततज्ज्ञांनी ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून खपणारी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला झालेली इजा नोंदवली. चित्र स्वप्रतिकारी यकृतदाहासारखे होते. आयुष मंत्रालयाने गुळवेलीवरचा ठपका नाकारला. पण नंतर देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासातही तसेच रुग्ण आढळले. ज्यांच्या शरीरात स्वतःवर उलटण्याची प्रवृत्ती आधीच आहे, त्यांच्यासाठी उत्तेजन ही निरुपद्रवी गोष्ट नाही.

४. निदान: चाचणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते?

प्रतिकारशास्त्रावर आधारलेल्या चाचण्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडे वापरून रक्तात किंवा लघवीत एखादा पदार्थ शोधतात. गर्भधारणेची पट्टी आणि डेंग्यूची एनएस१ चाचणी या अशा. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिन मोजायला प्रतिपिंडे वापरली, त्यातून हा मार्ग खुला झाला. टोचलेल्या इन्सुलिनविरुद्ध माणसाचे शरीर प्रतिपिंडे तयार करते, या त्यांच्या मूळ निष्कर्षावर विश्वास बसेना म्हणून एका प्रतिष्ठित नियतकालिकाने त्यांचा निबंध आधी परत केला होता. १९७७ साली यालो यांना नोबेल मिळाले; बर्सन तोवर हयात नव्हते. १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी हव्या त्याच एका लक्ष्याला ओळखणारी प्रतिपिंडे अमर्याद प्रमाणात बनवण्याची रीत दिली आणि अशा चाचण्या स्वस्त झाल्या.

दुसऱ्या प्रकारात रुग्णाचीच प्रतिपिंडे पाहिली जातात. पहिली चाचणी विचारते, ‘तो आत्ता इथे आहे का?’ दुसरी विचारते, ‘या शरीराने त्याला कधी पाहिले आहे का?’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि आपल्याकडच्या चुकीच्या निदानांचा मोठा वाटा त्यांची गल्लत केल्यामुळे येतो.

विडाल चाचणी हे त्याचे ठळक उदाहरण. फेर्नां विडाल यांनी १८९६ साली ती दिली तेव्हा ती मोठी प्रगती होती. पण जिथे टायफॉइडचा जंतू पाण्यातून वरचेवर पोटात जातो, तिथे निरोगी माणसाच्या रक्तातही ही प्रतिपिंडे सापडतात. इतर जंतूंमुळेही ती वाढलेली दिसतात. एकदाच रक्त काढून आलेला ‘१:१६०’ हा आकडा त्यामुळे फारसे काही सांगत नाही. आठवड्या-दीड आठवड्याच्या अंतराने दोनदा तपासून आकडा चढला तर त्याला अर्थ, आणि खरा आधार प्रतिजैविक देण्याआधी केलेल्या ब्लड कल्चरचा. तरी तालुक्याच्या गावी ताप आला की विडाल, आणि विडाल आली की टायफॉइड, हा क्रम अजून मोडलेला नाही. त्या घाईत डेंग्यू सुटतो, स्क्रब टायफस सुटतो. २०१८ साली विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली तेव्हा वेळेवर ओळखणे किती महत्त्वाचे हे दिसले होते. ओळखला तर तो रोग डॉक्सिसायक्लीनसारख्या साध्या औषधाने आटोक्यात येतो.

क्षयरोगात हीच गल्लत जागतिक पातळीवर झाली. रॉबर्ट कॉख यांनी १८९० साली ट्युबरक्युलिन हा क्षयावरचा इलाज म्हणून जाहीर केला आणि तो सपशेल फसला. पुढे शार्ल मांटू यांनी त्याच द्रावाची त्वचेवरची चाचणी रूढ केली. ही चाचणी जंतूची शरीराशी गाठ पडली आहे एवढेच सांगते. रोग आहे असे सांगत नाही, आणि लहानपणीच्या बीसीजी लसीनेही ती उमटू शकते. तरी ती किमान प्रामाणिकपणे वापरता येते. रक्तातली प्रतिपिंडे मोजून ‘क्षय आहे’ असे सांगणाऱ्या संचांचे तसे नव्हते. जगभर वर्षाला अशा दहा लाखांहून अधिक चाचण्या विकल्या जात होत्या. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका असे स्पष्ट सांगितले आणि २०१२ साली भारताने त्यांवर बंदी घातली. तोवर कितीतरी निरोगी माणसांनी सहा महिन्यांची औषधे घेतली असतील आणि कितीतरी खरे रुग्ण ‘निगेटिव्ह’ अहवाल घेऊन घरी गेले असतील.

मांटू चाचणी बीसीजीनेही उमटते, या प्रश्नाचे आता नेमके उत्तरही मिळाले आहे. बीसीजीच्या जंतूत नसलेली, पण क्षयाच्या जंतूत असलेली दोन प्रथिने वापरून नवी चाचणी बनली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सी-टीबी’ त्याच तत्त्वावरची आहे. मांटूपेक्षा तिची ताकद जास्त आहे असे नाही; ती वेगळे ओळखते.

नेमकेपणा म्हणजे काय याचा सर्वोत्तम धडा मात्र मुंबईत लिहिला गेला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रुग्ण आढळले की ज्यांचे रक्त तपासणीत ‘ओ’ वाटे, पण ओ रक्तदात्याचे रक्तही त्यांच्याशी जुळत नसे. १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि त्या गटाला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव मिळाले. ए आणि बी ही प्रतिजने ज्या ‘एच’ पायावर उभी राहतात तो पायाच या माणसांत नसतो, म्हणून त्यांचे शरीर ओ गटाच्या पेशींनाही परके मानते. भारतात हा गट सुमारे दहा हजारांत एकाचा. केवळ रुग्णाच्या पेशी तपासल्या तर तो ‘ओ’ म्हणूनच सुटतो. रुग्णाचा सीरम ओ पेशींबरोबर मिसळून पाहिला तरच सापडतो. प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारायचा, ही शिस्त त्या शोधाने रक्तपेढ्यांना दिली. एचआयव्हीच्या निदानातही ती शिस्त पाळली जाते. लक्षणे नसलेल्या माणसाला एका चाचणीवर बाधित ठरवत नाहीत. वेगवेगळ्या प्रतिजनांवर किंवा तत्त्वांवर चालणाऱ्या तीन चाचण्या जुळाव्या लागतात.

खासगी तपासणीच्या पॅकेजांमध्ये नेमकी ती शिस्त हरवते. एएनए ही ल्युपससारख्या स्वप्रतिकारी रोगांची चाळणी. पण निरोगी माणसांतही १:४० या पातळीला ती सुमारे ३२ टक्के जणांत पॉझिटिव्ह येते आणि १:१६० ला ५ टक्के जणांत. म्हणजे हजार धडधाकट लोकांची तपासणी केली तर १:१६० वरही पन्नासेक जण घाबरून तज्ज्ञाकडे जाणार, आणि त्यांत खरा ल्युपस एखाद्यालाही असेलच असे नाही. सांधे सुजलेले, चेहऱ्यावर चट्टा, लघवीतून प्रथिने जाणारी तरुणी समोर असेल तर तोच आकडा मोलाचा ठरतो.

५. उपचार: उसना, आवरलेला, मोकळा सोडलेला

उपचारातला सर्वात जुना मार्ग म्हणजे दुसऱ्याचा प्रतिकार उसना घेणे. १८९० साली बेरिंग आणि किटासाटो यांनी प्राण्यात बनलेले प्रतिविष दुसऱ्याला देऊन वाचवता येते हे दाखवले. परळच्या हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तापासून बनवलेले सापाच्या विषावरचे प्रतिविष खेड्यापाड्यांत पोहोचले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर ते चालते. घोड्याला जे विष दाखवले तेवढेच त्याची प्रतिपिंडे ओळखतात. भारतातले बरेचसे विष आजही तमिळनाडूत गोळा होते, आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने मरतात, असा २००० ते २०१९ या वर्षांचा अंदाज आहे. त्यामुळे हा बारकावा केवळ अभ्यासकांपुरता राहत नाही.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर जे काम केले ते या मार्गाचे फार सुंदर उदाहरण आहे. आधी त्यांनी प्राझोसिन या साध्या गोळीने मृत्यू कमी केले. मग २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी तुलना मांडली: प्राझोसिनबरोबर विंचवाचे प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८.

दुसरा मार्ग आवरण्याचा. आरएच-निगेटिव्ह आईच्या पोटात आरएच-पॉझिटिव्ह बाळ असेल तर आईचे शरीर बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागते आणि पुढच्या बाळावर संकट येते. १९६८ पासून उपलब्ध झालेले अँटी-डी इंजेक्शन आईच्या शरीराला ती ओळख पटण्याआधीच बाळाच्या पेशी पुसून टाकते. इथे प्रतिकार घडू न देणे हाच उपचार आहे.

१९९२ च्या सुमारास लंडनमध्ये रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांत टीएनएफ हा एकच रेणू अडवला, आणि वर्षानुवर्षे सुजलेले सांधे सैल झाले. पण २००१ साली असे औषध घेणाऱ्या ७० रुग्णांत क्षय उफाळल्याची नोंद झाली. फुप्फुसात वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेला क्षयाचा जंतू टीएनएफच्याच पहाऱ्यात होता. म्हणून आज भारतात हे औषध सुरू करण्याआधी मांटू किंवा रक्ताची तत्सम चाचणी आणि छातीचा एक्स-रे करतात. निदान आणि उपचार इथे एकमेकांत गुंतलेले आहेत.

तिसरा मार्ग मोकळे सोडण्याचा. टी-पेशींवर सीटीएलए-४ आणि पीडी-१ असे ब्रेक असतात आणि कर्कपेशी ते दाबून धरतात. जेम्स अॅलिसन आणि तासुकु होंजो यांनी ते सोडवण्याचा मार्ग दाखवला. २०१८ चे नोबेल त्यांना मिळाले. पण सुटलेल्या टी-पेशी काही रुग्णांत थायरॉइडवर, आतड्यांवर, क्वचित हृदयावर जातात. त्याहून नेमका मार्ग सीएआर-टी पेशींचा. रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना सीडी१९ हे एकच लक्ष्य ओळखायला शिकवून परत सोडायचे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल रुग्णालय यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या नेक्सकार१९ या अशा उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. या उपचारात दाहक रेणूंचे वादळ उठते तेव्हा टोसिलिझुमॅब देतात, आणि ते मुळात संधिवाताचे औषध आहे. त्याच रुग्णात एका हाताने प्रतिकार चढवायचा आणि दुसऱ्याने उतरवायचा असतो.

आक्षेप तीन

पहिला आक्षेप: चांगला आहार, झोप, व्यायाम यांनी प्रतिकारशक्ती वाढतेच ना? झारखंडमधील ‘राशन्स’ चाचणीने २०२३ साली दाखवले की क्षयरुग्णाच्या घरच्यांना पुरेसे धान्य, डाळ, दूधभुकटी आणि जीवनसत्त्वे दिली तर त्यांच्यात क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटते. हा फार मोलाचा निष्कर्ष आहे. पण तो कुपोषणाची खोट भरून काढण्याबद्दल आहे. पोट भरलेल्या माणसाने महागडे चूर्ण खाण्याबद्दल नाही. भुकेल्याला अन्न मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि त्या हक्काचे नाव घेऊन बाटल्या विकल्या जाव्यात हे संतापजनक आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मूत्राशयाच्या कर्करोगात बीसीजी लस थेट मूत्राशयात सोडतात. १९७६ साली अल्वारो मोरालेस यांनी ही पद्धत मांडली आणि ती आजही वापरतात. हे तर सरसकट उत्तेजनच आहे. मान्य करायलाच हवे की ती लस कर्कपेशीचे कोणतेही नेमके लक्ष्य शिकवत नाही. पण ती एका बंद पिशवीत, वरच्या थरातल्या गाठींसाठी, ठरलेल्या वेळापत्रकाने देतात, आणि नळी घालताना जखम झाली असेल तर त्या दिवशी देत नाहीत, कारण जिवंत जंतू रक्तात गेला तर जिवावर बेतते. उत्तेजन चालते ते जागा, मात्रा आणि वेळ यांच्या बंधनात.

तिसरा आक्षेप पैशाचा. नेमकेपणा श्रीमंतांना परवडतो, गावातल्या डॉक्टरला नाही, असे म्हटले जाते. तापाच्या चाचण्यांबाबत तरी हे खरे नाही: तापाचा कितवा दिवस आहे हे विचारून डेंग्यूसाठी पहिल्या दिवसांत एनएस१ आणि पाचव्या दिवसानंतर आयजीएम निवडायला पैसे लागत नाहीत, आणि तापाचा दिवस अहवालावर छापायला प्रयोगशाळेलाही काही खर्च नाही. औषधांच्या बाबतीत आक्षेपात तथ्य आहे. नेक्सकार१९ परदेशी उपचारांच्या तुलनेत बरेच स्वस्त असूनही त्याचा खर्च लाखांत मोजावा लागतो.

पण टाटा मेमोरियलमध्ये झालेली एक चाचणी इथे समोर ठेवली पाहिजे. तोंड आणि घशाचा कर्करोग पुढच्या टप्प्यात गेलेले रुग्ण या देशात भरमसाट आहेत, आणि पीडी-१ अडवणारे निव्होलुमॅब पूर्ण मात्रेत त्यांतल्या अगदी थोड्यांना परवडते. तिथल्या डॉक्टरांनी तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांबरोबर दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅमची असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. पीडी-१ चे रेणू व्यापायला औषधाचा अगदी थोडा अंश पुरतो, हे जुन्या प्रयोगशाळेतल्या मोजमापांतून दिसत होते; कोणीतरी ते रुग्णांवर तपासून पाहायला हवे होते. मूळ कंपनीला कमी मात्रा सिद्ध करण्यात व्यापारी रस नसतो. फुप्फुसाच्या आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगात, ल्युपसमध्ये वापरल्या जाणाऱ्या रिटुक्सिमॅबमध्ये, सापाच्या विषावरच्या प्रतिविषाच्या कुप्यांच्या संख्येतही किती पुरते हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. तो सार्वजनिक रुग्णालयांनाच हाती घ्यावा लागेल, सरकारी निधीतून, आणि निष्कर्ष खुले ठेवून.